पिकअपचा लाल ब्रेक दिवा वळणावर लागतो, पिवळा एबीएस जात नाही – मास्टर सिलिंडर टाकायच्या आधी हे बघून घ्या

मालक, तुमचा प्रश्न वाचला, आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय ते. एबीएसवाली (जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम असलेली) डिझेल पिकअप, मोहोळ भागातून कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात येता. लाल ब्रेकचा दिवा वळणावर आणि जोरात ब्रेक मारल्यावर लागतो, गाडी सरळ झाली की विझतो. मागचे दोन टायर बदलल्यापासून पिवळा एबीएसचा दिवापण लागायलाय, किल्ली दिल्यावर लागून विझतो, गाडी जरा पळाली की परत लागतो आणि मग किल्ली बंद करेपर्यंत जात नाही. गॅरेजवाला म्हणतो मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडं ढकलणारा) गेला आणि एबीएसचं युनिटपण गेलं, दोन्ही टाका. आणि स्टँडवरच्या कुणीतरी सल्ला दिला की मीटर खोलून बल्बच काढून टाका, कटकट संपली.

बल्ब काढू नका हे पहिलं. आणि दोन्ही पार्ट अजून घेऊ नका हे दुसरं. तुम्ही जे लिहिलंय ना, कधी लागतो कधी विझतो, त्यातच अर्धं निदान झालेलं आहे, गॅरेजवाल्यानं ते विचारलंच नाही असं दिसतंय. दिवा कधी लागतो, त्यावेळी गाडी काय करत होती, पेडल पायाला कसं लागलं, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय ब्रेकचा पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे जाळणं आहे, आणि वर खरा फॉल्ट तसाच गाडीत राहतो ते वेगळंच, पैशापेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते.

लाल दिव्याचं बघू. पिकअपमधे लाल ब्रेकचा दिवा लागायची मुख्य कारणं मोजकीच, हँडब्रेक ओढलेला असणं किंवा त्याचा स्विच बिघडणं, ब्रेक ऑइलची लेव्हल खाली जाणं, आणि एबीएसवाल्या गाडीत ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारी सिस्टिम) बंद पडणं. काही मॉडेलला ब्रेकच्या बूस्टरचा (पेडल हलकं करणारा डबा) व्हॅक्यूम कमी झाला तरी लागतो. आता तुमचा दिवा वळणावर लागतो आणि सरळ झाल्यावर जातो. हँडब्रेकचा स्विच असं वळण बघून वागत नाही, तो खड्ड्यात आदळल्यावर लुकलुकेल. ईबीडीचा फॉल्ट एकदा आला की सहसा किल्ली बंद करेपर्यंत तिथंच असतो आणि एबीएसच्या दिव्याला सोबत घेऊन येतो. वळणावर हलतं ते डब्यातलं ऑइल. मास्टर सिलिंडरवरच्या डब्यात एक फ्लोट असतो, त्यात लोहचुंबक, आणि खाली छोटा स्विच. लेव्हल मिनिममच्या आसपास आली की सरळ रस्त्यावर फ्लोट कसाबसा वर राहतो, गाडी वळली किंवा ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला गेलं की फ्लोट खाली बसतो, दिवा लागतो. म्हणजे तुमचं ऑइल कमी झालंय, इतकं मी इथं बसून सांगू शकतो. का कमी झालंय ते मात्र गाडी बघूनच कळणार.

खात्री करायची असेल तर सोपं आहे, किल्ली ऑन ठेवून दिवा लागलेला असताना डब्याच्या फ्लोटचा कपलर (वायरचा जोड) काढा. बहुतेक गाड्यांत कपलर काढला की दिवा विझतो, विझला तर सिग्नल तिथूनच येत होता. नाही विझला तर हँडब्रेकच्या लिव्हरखालच्या स्विचची वायर काढून बघा. त्या स्विचला साधारण एकच वायर असते, अर्थ बॉडीतून मिळतो, लिव्हरच्या कव्हरखाली माती आणि कांद्याची टरफलं जाऊन बसली किंवा केबल ताणून लिव्हर पूर्ण खाली बसेना झाली की दिवा चालूच राहतो. स्विच साफ करून जरा ॲडजस्ट केला की झालं काम.

आता इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑइल कमी दिसलं म्हणून लगेच वरून टाकून मोकळं व्हायचं नाही. सगळे हेच करतात. दिवा विझतो, माणूस खूश, आणि का कमी झालं होतं ते कधीच कळत नाही. आधी गाडी सपाट जागेवर उभी करा, सकाळी, इंजिन थंड, हौदा रिकामा. डब्यावर आज लेव्हल जिथं आहे तिथं पेनानं रेघ मारा किंवा टेपची पट्टी लावा. मग पुढची चाकं काढून डिस्क पॅड बघा. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्यामागे रिकामी झालेली जागा ऑइलनं भरते, म्हणजे कुठंही गळती नसताना डब्यातली लेव्हल हळूहळू खाली येते. हे अगदी नॉर्मल आहे. पॅडवर लायनिंग दोन-तीन मिलिमीटर उरलं असेल तर तुमच्या दिव्याचं कारण मिळालं, पॅड बदला, पिस्टन आत दाबला की तेच ऑइल परत डब्यात वर येतं. आणि आधीच वरून भरून ठेवलं असेल तर पॅड बसवताना ते डब्यातून उतू जाऊन चेसिसवर सांडतं, ब्रेक ऑइल रंग खातं, पत्रा उघडा पडतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी मारून धुवा.

पॅड जाड आहेत आणि तरी लेव्हल खाली आहे, तर मग गळती. आणि गळती असेल तर ती सापडेपर्यंत गाडीत माल भरायचा नाही, हे मी विनंती म्हणून नाही सांगालोय, ठाम सांगालोय. शोधायचं कुठं? मागच्या चाकांपासून सुरू करा, कारण पिकअपला मागं ड्रम असतात आणि व्हील सिलिंडरचे वॉशर जुने झाले की तिथून पाझरतं. टायरच्या आतल्या बाजूला ओले ओघळ दिसतात. ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबरी बूट बोटानं जरासं उचला, आत ओलं असेल तर किट किंवा सिलिंडर बदलायचा, आणि लायनर ऑइलनं भिजले असतील तर तेपण, दोन्ही बाजूचे. नाहीतर एक चाक धरतं एक नाही, गाडी ओढते. ड्रममधली धूळ एअरच्या पाइपनं उडवू नका, छातीत जाते, पाण्यानं धुवा.

मागं ओलं दिसलं म्हणजे ब्रेक ऑइलच असेल असंही नाही. एक्सलचं ऑइल सील गेलं तरी ड्रम भिजतो. फरक ओळखायला सोपी युक्ती आहे, बोटावर घेऊन पाण्याच्या वाटीत टाका, ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, गिअर ऑइल वर तरंगत राहतं, शिवाय गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. मागच्या चाकाकडं जाणारे लोखंडी पाइप आणि रबरी होज पण हात फिरवून बघा, हौद्याखाली चिखल साठून पाइप गंजतात. आणि एक जागा हमखास विसरली जाते ती म्हणजे क्लच. बऱ्याच गाड्यांत हायड्रॉलिक क्लचला ऑइल ब्रेकच्याच डब्यातून जातं. क्लचचा खालचा सिलिंडर गळत असला तरी दिवा ब्रेकचा लागतो, माणूस चारही चाकं खोलून बघतो आणि गळती सापडत नाही. तेव्हा गिअरबॉक्सजवळ खाली वाकून एकदा बघाच. शेवटची जागा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जिथं जोडलेत तो सांधा. मास्टरचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या आत जातं, बाहेर एक थेंब दिसत नाही. दोन नट ढिले करून मास्टर जरा पुढं ओढला की कळतं आत ओलं आहे का.

आता पिवळा दिवा. हा लाल दिव्याशी संबंधित आहे असं समजून गॅरेजवाल्यानं दोन्ही एकत्र जोडले, मला तसं वाटत नाही. लाल लागतो वळणावर, पिवळा लागतो गाडी पळाल्यावर, आणि तो टायर बदलल्यापासून सुरू झाला. दोन दिवे, दोन कारणं.

एबीएसचा कंट्रोलर किल्ली दिली की आधी वायरिंग तपासतो, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटलीय का, शॉर्ट आहे का, फ्यूज आहे का. तिथंच गडबड असेल तर दिवा किल्ली दिल्यावर लागतो तो विझतच नाही. तुमचा विझतो आणि गाडी चालल्यावर परत लागतो, म्हणजे वायरिंग त्याला उभ्या गाडीत ठीक दिसतंय, पण चाक फिरायला लागल्यावर जो सिग्नल यायला पाहिजे तो एखाद्या चाकाचा नीट येत नाही किंवा बाकीच्या चाकांशी जुळत नाही. युनिट गेलं असं यातून अजिबात सिद्ध होत नाही. युनिट ही सगळ्यात शेवटी संशय घ्यायची वस्तू आहे आणि सगळ्यात महाग.

टायर बदलताना काय काय होऊ शकतं ते बघा. एक, मागच्या एक्सलवरून सेन्सरची वायर जाते, जॅक लावताना किंवा ड्रम काढताना ती ओढली जाते, क्लिप तुटते, वायर लोंबकळते, आतून तुटते पण वरचं कव्हर शाबूत दिसतं. उभ्या गाडीत टोकं एकमेकांना टेकलेली असतात म्हणून चेकिंगला पास होते, गाडी हलली की सुटते. दोन, सेन्सरच्या टोकावर घाण. आपल्याकडची काळी माती चाकाच्या आत बसून वाळली की सिमेंटसारखी होते, शिवाय सेन्सरच्या टोकाला चुंबकामुळं लोखंडी बुकणी चिकटते. टायरवाल्यानं चाक काढताना ती हलून नेमकी सेन्सर आणि दात असलेल्या रिंगच्या मधे जाऊन बसू शकते. तीन, टायरचा साइज. हे जाऊन आधी वाचा, फुकट आहे. पुढं २१५/७५ आर १५ आणि मागं कुणी २३५/७५ आर १५ चढवले असतील तर व्यासात जवळजवळ ३० मिलिमीटरचा फरक पडतो, ४ टक्क्यांहून जास्त. कंट्रोलरला वाटतं की पुढची चाकं सतत मागच्यापेक्षा जोरात फिरतायत, त्याला ते पटत नाही आणि तो दिवा लावून स्वतःला बंद करून घेतो. माल जास्त बसतो म्हणून जाड टायर टाकणारे बरेच आहेत, पण चारही चाकांचा घेर कंपनीनं दिलाय तसाच पाहिजे.

मग स्कॅनर लावा. यातही एक सांगतो, मोबाइलला जोडायचं जे स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल ऑनलाइन मिळतं ते बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतं, एबीएसचे सी नं सुरू होणारे कोड वाचतच नाही, आणि माणूस समजतो की कोडच नाही. एबीएस वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजला जा. सी००३५ आला तर पुढचं डावं चाक, सी००४० पुढचं उजवं, सी००४५ मागचं डावं, सी००५० मागचं उजवं. हे कॉमन कोड, काही कंपन्या स्वतःचे कोड वापरतात, तरी स्क्रीनवर चाकाचं नाव येतंच. त्याहून भारी म्हणजे लाइव्ह डेटा, गाडी हळू चालवत चारही चाकांचा स्पीड स्क्रीनवर बघायचा, तीन चाकं २० दाखवतायत आणि एक शून्यावर किंवा उड्या मारतंय, झालं, चोर सापडला. मागची दोन्ही चाकं पुढच्यांपेक्षा सारखी कमी दाखवत असतील तर टायरचा घेर.

चाक सापडलं म्हणून सेन्सर मागवू नका लगेच. सेन्सर काढून पुसा, रिंगचे दात साफ करा, एखादा दात तुटलाय का, रिंगला चीर आहे का बघा. चाक दोन हातांनी धरून हलवा, बेअरिंगला प्ले असेल तर सेन्सर आणि रिंगमधलं अंतर सारखं बदलत राहतं आणि नवा सेन्सर टाकूनपण दिवा परत येणार. मल्टिमीटर असेल तर जुन्या पद्धतीच्या दोन वायरच्या सेन्सरला साधारण हजार ते दोन हजार ओहम येतात, आकड्यापेक्षा डावा-उजवा सारखे आहेत का हे महत्त्वाचं, आणि मोजताना वायर हलवत राहा. नव्या गाड्यांत ॲक्टिव्ह सेन्सर असतात, त्यांना ओहममधे मोजून काही कळत नाही. गाडी थांबता थांबता, अगदी हळू असताना, पेडल पायाखाली थरथरत असेल तर रिंग किंवा घाणीवर माझा संशय आणखी पक्का होतो.

पिवळा एकटा असेपर्यंत साधे ब्रेक काम करतात, फक्त ओल्या रस्त्यावर जोरात मारल्यावर चाक जाम होऊ शकतं, एवढं धरून चालवा. पण लाल आणि पिवळा दोन्ही कायम लागले, वळण नाही खड्डा नाही, सतत, तर ते ईबीडी बंद पडल्याचं असू शकतं. ईबीडी मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतं. यार्डात माल उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघाला आणि ईबीडी बंद असेल तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. लोकांना वाटतं लोड नाही तर धोका नाही. पिकअपमधे रिकाम्या गाडीलाच हा धोका जास्त. एबीएस नसलेल्या जुन्या पिकअपला हेच काम एक्सलजवळचा लोड सेन्सिंग व्हॉल्व करतो, स्प्रिंगचे पाटे वाढवताना त्याचा दांडा कुणी वाकवून किंवा तारेनं बांधून ठेवला नाही ना तेपण बघत जा.

बल्ब काढायच्या सल्ल्यावर आता बोलतो. किल्ली दिली की हे दिवे काही सेकंद लागून विझले पाहिजेत, ती त्यांची हजेरी आहे. जुनी गाडी घेताना हे बघा, दिवा लागतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर कापलीय, आणि ज्यानं ते केलं त्यानं फॉल्ट लपवलाय हे नक्की. लेव्हलचा दिवा हा एकच आवाज आहे जो पेडल जमिनीला टेकायच्या आधी तुम्हाला हाक मारतो.

आणि तरीसुद्धा, दिवा नाही म्हणजे ब्रेक चांगले असं समजू नका. काही मोठे फॉल्ट असे आहेत की त्यात दिवा लागतच नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा, त्यातलं डॉट ३ नवं असताना किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की ती मर्यादा १४० वर येते, डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. तुळजापूरचा घाट उतरताय, हौदा ओव्हरलोड, एप्रिल-मे महिना, सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर, आणि पाय सतत ब्रेकवर. डिस्क तापते, कॅलिपरमधलं जुनं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते पण ब्रेक दाबत नाही. पेडल एकदम मऊ. डब्यात लेव्हल फुल, मीटरवर एक दिवा नाही. म्हणून घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरायचा, पाय पूर्ण सोडून मधेमधे दाबायचं, आणि ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच डॉट वापरायचं, सीलबंद डब्यातलं, गॅरेजच्या कोपऱ्यात सहा महिने उघडं पडलेलं नाही. आणि अडीअडचणीलासुद्धा त्यात इंजिन ऑइल किंवा स्टेअरिंगचं ऑइल टाकू नका, सगळी रबरं फुगतात, मग मास्टरपासून चारही चाकांपर्यंत एक सील वाचत नाही. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं येतं तेपण नाही.

दुसरं असंच, बूस्टर. डिझेल गाडीला व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप लागतो, बऱ्याच जुन्या पिकअपला तो अल्टरनेटरच्याच पाठीमागं बसवलेला असतो. बेल्ट तुटला की चार्जिंग गेलं आणि व्हॅक्यूमपण गेला. दिवा लागतो बॅटरीचा, आणि माणूस म्हणतो बॅटरीवर जाऊ घरापर्यंत, आणि पुढच्या सिग्नलला पेडल दगडासारखं. त्या गाड्यांत बॅटरीचा दिवा हा ब्रेकचाच दिवा समजा. बूस्टर तपासायचं असेल तर इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारा, कडक झालं की पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा, पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टर चांगला.

रस्त्यावर असताना लाल दिवा लागला तर पेडल काय म्हणतंय ते आधी बघा. नेहमीच्या उंचीवर आणि कडक असेल तर हळू करत बाजूला घ्या, डबा बघा. पेडल खोल जायला लागलं तर भराभर पंप करा, गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा. तो केबलवर चालतो, ऑइलशी त्याचा संबंध नाही. झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होतील. मास्टर सिलिंडरला आतून दोन भाग असतात, एक गेला तरी दुसरा काम करतो पण गाडी थांबायला अंतर खूप लागतं, त्या अर्ध्या ब्रेकवर भरलेली गाडी घरी न्यायची नाही.

शेवटी तुमच्या मास्टर सिलिंडरचं. तो खरंच गेलाय का हे पैसे देण्याआधी तुम्ही स्वतः बघू शकता. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोरानं दाबा आणि अर्धा-एक मिनिट तसंच धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठंही गळती नाही, तर मास्टरच्या आतले वॉशर ऑइल पास करतायत, मग बदला, त्यात घासाघीस करू नका. जागेवर राहिलं आणि मागच्या सांध्यातही कोरडं असेल तर मास्टर चांगला आहे. गॅरेजवाल्याला म्हणा, माझ्यासमोर हे करून दाखवा. मास्टर किंवा व्हील सिलिंडर काहीही खोललं तर नंतर एअर काढताना मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, मग पुढचं उजवं अशा क्रमानं, म्हणजे लांबचं आधी, कंपनीनं त्या मॉडेलला वेगळा क्रम सांगितला नसेल तर. एबीएसच्या युनिटमधे हवा गेली असेल तर ती स्कॅनरशिवाय निघत नाही, पेडल स्पंजी राहतं, आणि तेव्हा परत कुणीतरी म्हणतं युनिट गेलं.

उद्या सकाळी पॅडची जाडी, डब्यातली लेव्हल आणि चारही टायरवरचे आकडे बघून कळवा. तोपर्यंत कांदा दुसऱ्या गाडीनं पाठवा.